दुसऱ्याच्या नावाचा नवस

लकडगंज, नागपूर
७ ऑगस्ट २०२४, बुधवार

चि. सौ. मिनल,

तुझं पार्सल काल दुपारी पोचलं. मिळालं ते असं: सुके जर्दाळू अर्धा किलो, बाबांना लोकरीची टोपी एक, पियुषला हातमोज्यांचा जोड, मला जपाची माळ. वर टपालाचे दोनशे बारा रुपये. अगं, नागपुरात हातमोजे घालून पियुष काय करणार? गांधीबागच्या दुकानात कापडाची बिलं फाडणार? टोपी मात्र बाबांनी भर ऑगस्टात डोक्यावर चढवली आणि लाकडाच्या आरा मशीनवर मिरवून आले. "सुनेनं धाडली गा, बरफातून!" परत आले तेव्हा आंघोळ केल्यासारखे भिजले होते. पण काढायला तयार नाहीत.

शेजारच्या शोभाताई रोज विचारतात, "काहून वं जयवंता, सुनेले इतक्या दूर काहून धाडलं?" मी म्हटलं, मी कुठं धाडलं, तिचे पाय गेले. खरं सांगते, तू जायचं म्हणालीस तेव्हा मी रात्री वही घेऊन बसले होते. बुटीबोरीच्या मिलची रजा बिनपगारी, तिकडे लेहला लोकांना डोंगरात नेण्याच्या कामाला पगार नाही, फक्त जेवणखाण, आणि एका तुकडीबरोबर एक शिखर फुकट. दोनदा मांडून पाहिलं. पैसे भरून गेली असतीस तर याच्या दुप्पट पडलं असतं. तेव्हा ठीकच केलंस.

आता मुद्द्याचं. हरतालिका यंदा ६ सप्टेंबरला, शुक्रवारी आहे. आपलं पाचातलं चौथं वर्ष. पियुष करोनात दवाखान्यात होता तेव्हा मी देवाला बोलले होते की हा घरी येऊ दे, माझी सून पाच हरतालिका निर्जळ करील. देवानं त्याचं केलं. तूही तीन वर्षं तोंडातून शब्द न काढता केलंस. आता मध्ये खंड नको. पियुषला यातलं काही माहीत नाही, तो समजतो तू हौसेनं करतेस. तसंच राहू दे. म्हणून तर कागदावर लिहिते. फोनवर मला अर्धं ऐकू येत नाही आणि मोबाइलवर लिहिलेलं पियुष आधी वाचतो.

सोबत पुडी आहे: हळदकुंकू, हिरव्या बांगड्या सहा, अगरबत्ती. वाळू तिथल्या नदीची घे. पत्री मिळणार नाही, तर हिरवं म्हणून जे दिसेल ते वाहा. देव समजून घेतो. पुडी मिळाल्याचं कळव.

तुझी आई


लेह
१७ ऑगस्ट २०२४

आई,

इथूनच तुमच्या पाया पडते. पुडी मिळाली. सहातली एक बांगडी फुटली, बाकी सगळं नीट.

पहिली तुकडी उतरवून काल आलो. आठ दिवस मी फक्त मोजत होते. तंबू मोजायचे, माणसं मोजायची, सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाच्या बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावून आकडा वहीत लिहायचा. आमचा म्होरक्या त्सेवांग म्हणाला, इतकी सुबक वही आजवर कोणी ठेवली नाही. मी त्याला सांगितलं, माझ्या सासूबाईंची पाहा एकदा.

आई, निमालिंग नावाचं एक मैदान आहे, तिथून कांग यात्से समोर दिसतो. सहा हजार अडीचशे मीटर. सकाळी चहा घेऊन मी तंबूबाहेर उभी राहते आणि चहा गार होऊन जातो. मला काय झालं ते सांगता येत नाही. मी आजवर कोणाकडे काही मागितलं नाही. शिकायचं थांबवलं तेव्हा नाही, मिलमध्ये लागले तेव्हा नाही. हे शिखर मात्र मला हवं आहे. माझंच म्हणून हवं आहे.

तब्येत चांगली आहे. निमालिंगला माझा आकडा ८४ होता, पण त्सेवांग म्हणतो इथं एवढा चालतो. डोकं दुखतं, ते सगळ्यांचंच दुखतं. त्याचा एकच कायदा: दिवसाला चार लिटर पाणी, तहान असो नसो. संध्याकाळी तो प्रत्येकाची बाटली उलटी करून पाहतो. रिकामी नसली की सगळ्यांसमोर बोलतो.

आमची तुकडी ३१ तारखेला निघेल. शिखराचा दिवस ठरला आहे आणि तो नेमका ६ सप्टेंबर आहे. पहाटेच्या आधी निघून सकाळी माथ्यावर. तारीख बदलत नाही, मी विचारून पाहिलं. पण तुम्ही काळजी करू नका. निर्जळच करीन. तीन वर्षं केलं, एक दिवसाचा तर प्रश्न आहे. त्सेवांगला सांगणार नाही, सांगितलं तर तो मला तंबूतच बसवेल.

बाबांना म्हणावं टोपी थंडीसाठी आहे.

मिनल


लकडगंज, नागपूर
२४ ऑगस्ट २०२४, शनिवार

चि. मिनल,

तुझं पत्र काल आलं. ८४ वाचलं. पियुषला भरती केलं त्या सकाळचा त्याचा आकडा ८४ होता. दुपारी ८१. माझ्या वहीत आजही आहे, मी काल काढून पाहिलं. तू लिहितेस, चालतो. कसा चालतो?

शोभाताईंची अश्लेषा नर्स आहे, तिला बोलावून तुझ्या पत्रातलं तेवढंच दाखवलं. ती हसली. "काकू, तितक्या उंचावर ८४ म्हणजे घाबराचं काही नाही." मग मी तिला उपवासाचं सांगितलं, तर तिचं हसू गेलं. "निर्जळ? तिथं? काकू, तिथं नुसत्या श्वासातून पाणी चाल्लं जाते. डोकं फिरते, पाय कुठं पडून राहिला ते समजत नाही. वहिनीले आत्ताच्या आत्ता नाही म्हणा."

तिनंच फोन लावला. चौथ्यांदा लागला. मी ओरडले, "पाणी पेजो वं मिनल!" तू म्हणालीस, "हो आई, पिते, पिते." आणि लाइन गेली. अश्लेषा म्हणाली, झालं काकू, मिटलं. पण मिनल, तुझं "हो आई" मी चार वर्षं ऐकते आहे. माझी कारल्याची भाजी विषासारखी झाली होती तेव्हाही तू "हो आई, छान आहे" म्हणून दुसऱ्यांदा वाढून घेतली होतीस. म्हणून रात्रीच्या भांड्यांना हात न लावता लिहायला बसले.

संध्याकाळी देवळात गुरुजींना गाठलं होतं. ते विचारत गेले.

"नवस बोललं कोन?"

"मी."

"करून कोन राहिलं?"

"सून."

"तिले विचारलं होतं?"

मी म्हटलं, विचारायला वेळ कुठं होता, पोरगा आत होता. गुरुजी म्हणाले, "मंग बाई, दुसऱ्याच्या झाडाचं फळ तुमी देवाले वाहून मोकळ्या झाल्या. बोलनारी तुमी, फेडनारी बी तुमीच."

घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं. आता तुला एक सांगते, ते आजवर कोणाला सांगितलं नाही. त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात बसून मी आधी स्वतःचंच नाव घेणार होते. शब्द तोंडात आला होता. मग मनात आलं, मला साखरेच्या गोळ्या आहेत, डॉक्टरांनी निर्जळ करायला मनाई केली आहे, माझ्याकडून झालं नाही तर? पोराच्या जिवाशी खेळ नको. म्हणून तुझं नाव घातलं. तू नवी होतीस, तरणी होतीस, आणि तू नाही म्हणणार नाहीस हे मला माहीत होतं. देवापुढे बसून मी असा हिशेब केला. रोज दोन वेळा दिवा लावणारी मी.

तर आता ऐक. या वर्षीचा उपवास माझा. देवाला तसं सांगून झालं आहे. तू पाणी प्यायचंस, चार लिटर म्हणजे चार लिटर. तू प्यायली नाहीस तर एकाच नवसाचे दोन उपवास होतील, आणि त्यातला एक फुकट जाईल. मला फुकट गेलेलं चालत नाही, तुला माहीत आहे.

माझी काळजी करू नकोस. माझी साखर हल्ली बरी आहे.

स्पीड पोस्टानं पाठवते आहे. तू ३१ ला निघायच्या आत हातात पडो.

आई


लेह
९ सप्टेंबर २०२४

आई,

तुमचं पत्र लेहला २ तारखेला आलं. मी निघून गेले होते. तिथून ते आमच्या मागं घोड्यावर आलं, रॉकेल आणि बटाट्यांच्या पोत्यासोबत. घोडेवाल्यानं ते माझ्या हातात दिलं ६ तारखेला दुपारी चार वाजता.

तोवर सगळं होऊन गेलं होतं. सगळं लिहिते, मधलं गाळत नाही.

५ तारखेला रात्री झोपायच्या आधी मी पाणी बंद केलं. फोनवर 'पिते' म्हटलं होतं, पण तुमचं 'मध्ये खंड नको' मनातून जात नव्हतं. नदीची वाळू आणून ठेवली होती, पिंड केली, हिरवं म्हणून एका काटेरी झुडपाची चार पानं वाहिली. एक वाजता निघालो. एका दोरीवर चौघं: पुढं त्सेवांग, मग मी, माझ्यामागे वेदिका आणि करिष्मा. दोघी नागपूरच्याच, पैसे भरून आलेल्या. दुसऱ्या दोरीवर बाकीचे.

पहिले तीन तास मला काहीच वाटलं नाही. उलट हलकं वाटत होतं. मग उजाडलं. माथ्यावरच्या झेंड्यांच्या माळा दिसायला लागल्या, दीडशे मीटर वर असतील. आणि माझा पाय बर्फात ठेवला की दुसरीकडेच जायला लागला. त्सेवांगनं काहीतरी विचारलं, मी त्याला आपल्या बोलीत उत्तर दिलं म्हणे. काय दिलं ते मला आठवत नाही. करिष्मा सांगते, मी म्हणाले, "भाजी उतू जाऊन राहिली, गॅस बंद करा."

त्यानं मला खाली बसवलं आणि माझी बाटली काढली. भरलेली. तोंडाशी बर्फ धरलेला. तो ओरडला नाही. नुसतं विचारलं, "पानी क्यों नहीं पिया?" मी म्हटलं, "आज नहीं पी सकती." त्यानं बाटली पुढं धरली. मी तोंड फिरवलं. तो म्हणाला, "तो नीचे."

आई, दोरी एक असते. मी उतरले म्हणून वेदिका आणि करिष्मालाही उतरावं लागलं. दुसऱ्या दोरीवरचे वर पोचले, आम्ही खालून त्यांचा आरडाओरडा ऐकत उतरत होतो. वेदिका वळून वळून माथ्याकडे पाहत होती. आणि अर्ध्या उतारावर मी पाणी प्यायले. त्सेवांगनं पाजलं असं लिहिणार होते, पण तसं नाही. मीच मागून घेतलं. अख्खी बाटली. तुमचा उपवास मोडला, शिखर गेलं, आणि त्या दोघींचंही नेलं.

मग दुपारी तुमचं पत्र. जिन्यातलं वाचलं. मला राग येईल असं वाटलं होतं, खरं तर आलाही, पण तो तुमच्यावर कमी आणि माझ्या "हो आई"वर जास्त. तुम्ही मला विचारलं नव्हतं हे खरं. मी पण कधी सांगितलं नव्हतं.

तुम्ही खरंच निर्जळ केलं का? साखरेचं काय झालं? पियुष फोनवर नीट सांगत नाही, "बरी आहे आई" म्हणून विषय बदलतो. काहीतरी लपवतो आहे.

इथलं सामान आवरून मी २९ तारखेच्या तिकिटानं येईन. २८ ला शेवटची तुकडी निघते आहे. त्यांचा शिखराचा दिवस २ ऑक्टोबर. त्सेवांगनं विचारलं, "एक जगह है. आओगी?" मी नाही म्हटलं. पुष्कळ झालं. पियुषही वाट पाहतो आहे आणि मिलमधून दोनदा फोन आला.

मिनल


लकडगंज, नागपूर
१५ सप्टेंबर २०२४, रविवार

चि. मिनल,

पत्र काल मिळालं. तू मधलं गाळलं नाहीस, मीही गाळत नाही.

६ तारखेला मी निर्जळ धरलं. सकाळी सवयीनं साखरेची गोळी घेतली, आणि पाणी चालत नाही म्हणून कोरडीच गिळली. पोटात अन्न नाही आणि वर गोळी. हे अश्लेषानं मला नंतर समजावलं, तेव्हा शाळेतल्या पोरीसारखं ओरडलीसुद्धा. दुपारी पिंडीपुढे बसले होते ते तिथंच आडवी झाले. बाबा जेवायला आले म्हणून दिसलं. मला एवढंच आठवतं की ते माझं डोकं मांडीवर घेऊन साखरपाण्याचा पेला तोंडाला लावत होते आणि मी दात आवळून धरले होते.

"पी वं गुपचाप!" ते म्हणाले. "देवाले काय सांगाचं ते मी सांगतो."

चाळीस वर्षांत त्यांनी देवाला काही सांगितल्याचं मी ऐकलं नव्हतं. प्यायले. साखरेच्या यंत्रात ५२ आलं होतं. तेव्हा मिनल, आपल्या दोघींचीही हरतालिका एकाच दिवशी मोडली. आणि पियुषला साधी शिंकसुद्धा आली नाही. संध्याकाळी चार पोळ्या जेवला असता, पण जेवला नाही, कारण त्याला सगळं कळलं. मीच सांगितलं. लपवायला अंगात जोर नव्हता.

त्यानं पुढ्यातलं ताट सरकवलं. मग म्हणाला, "आई, माह्या जिवासाठी तू तिचा जीव डावावर लावला? अन् मले इचारलं बी नाही?" दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तुझ्याशी फोनवर नीट बोलत नव्हता तो यामुळे. त्याला तुझ्या तोंडाकडे पाहायची लाज वाटते आहे. काल तुझं पत्र मी त्याच्याच हातात दिलं. वाचून झाल्यावर गॅलरीत जाऊन उभा राहिला.

आज सकाळी मी वेदिकाच्या घरी जाऊन आले. तिचा पत्ता पियुषनं तुमच्या ग्रुपमधून काढून दिला. धरमपेठेत, दोन बस बदलून. तिला दारातच सांगितलं, मी मिनलची सासू, नवस माझा होता, तुझं शिखर माझ्यामुळे गेलं. तिनं मला आत बोलावलं नाही. म्हणाली, "काकू, दोन वर्षं पैसे जमवले मी. तुमच्या देवाला दोरीवर अजून दोघी बांधल्यात ते दिसलं नाही का?" मी म्हटलं, देवाला दिसलं असेल बाई, मला दिसलं नाही. मी उभीच राहिले. पाय दुखायला लागले पण हलले नाही. शेवटी तीच म्हणाली, "या आत, चहा घ्या." चहा होईपर्यंत ती तुझ्याबद्दल बोलली. तू तिच्या बुटांच्या नाड्या बर्फात तीनदा बांधून दिल्यास म्हणे, आणि घाबरली की गाणी म्हणायचीस. निघताना म्हणाली, "मिनलला सांगा, चढून ये. नाहीतर आम्ही उतरलो ते कशासाठी?"

तिचा निरोप पोचवला. आता माझं.

नवस मी मिटवला आहे. देवापुढे बसून सांगितलं, बोलले मी, चुकले मी, पाचवं वर्ष नाही. जे काही व्हायचं असेल ते माझ्या नावावर. गुरुजींनाही सांगितलं. ते म्हणाले, मंग एखादं छोटंसं उद्यापन करा. मी म्हटलं, सून आल्यावर तिला विचारून.

पियुष काल रात्रीच मोबाइल घेऊन बसला होता. "तिचं २९ चं तिकीट मी कॅन्सल करतो, थांबू दे तिले." मी त्याच्या हातावर हात ठेवला. "थांब गा. आधी तिले इचार." मायलेकांनी मिळून पुन्हा तेच करायला नको. किती कापतात तेवढं पाहून ठेवलं आहे, अकराशे चाळीस. ते झेपतील. मिलच्या साहेबांना पियुष भेटेल. शोभाताई म्हणतात, "२ तारीख म्हणजे सर्वपित्री अमावास्या, त्या दिवशी कोनी डोंगर चढते काय वं?" मी म्हटलं, आमचे सगळे पितर पायीच चालत आले नि पायीच गेले, त्यांना चालणाऱ्या पोरीचा राग यायचं कारण नाही.

पण हे सगळं सोय म्हणून सांगितलं. चढ असं मी म्हणत नाही. ये असंही म्हणत नाही. वेदिकासाठी चढू नकोस, पियुषची लाज जावी म्हणून चढू नकोस, मला बरं वाटावं म्हणून तर मुळीच नको. तू लिहिलं होतंस, माझंच म्हणून हवं आहे. ते अजून तसंच असेल तर जा, आणि पाणी पी. आणि खरंच पुष्कळ झालं असेल, घरची आठवण येत असेल, तर २९ ला ये, मी गरम पोळी करून वाढीन आणि शिखराचं नाव काढणार नाही.

मला काय आवडेल याचा विचार न करता, तुझ्या मनात आहे ते दोन ओळीत उलट टपाली कळव.

तुझी आई